मागचा अंधार

जुलैत आंबोलीला संध्याकाळ घड्याळ बघून येत नाही. आजरा सोडलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पावसाची रिपरिप होती, पण रस्ता स्वच्छ दिसत होता. आंबोलीच्या स्टँडपाशी पोचेपर्यंत कणसं भाजणाऱ्यांच्या निळ्या ताडपत्र्या, हॉटेलांच्या पाट्या, समोर थांबलेली जीप, सगळं एकामागून एक पुसलं गेलं. घाटात आपण ज्याला धुकं म्हणतो तो पावसाळ्यात खरं तर ढगच असतो. अरबी समुद्रावरून आलेला, सह्याद्रीला अडलेला आणि जवळपास ७०० मीटर उंचीवर आपल्या काचेला येऊन टेकलेला.

मी निर्धास्त होतो. आठच दिवसांपूर्वी कोल्हापुरात गाडीला फॉगलॅम्प आणि डीआरएल बसवून घेतले होते. डीआरएल म्हणजे दिवसा चालू राहणारे दिवे, अलीकडच्या गाड्यांच्या तोंडावर पांढऱ्या भुवयांसारख्या दिसतात त्या एलईडीच्या पट्ट्या. आमची गाडी खालच्या व्हेरिअंटची, बंपरमध्ये फॉगलॅम्पच्या जागी नुसती काळी झाकणं होती. दरवर्षी गावी जाताना ती झाकणं मला टोचायची. या वर्षी ती काढून तिथे दिवे आले. इंजिन चालू केलं की पट्ट्या आपोआप लागायच्या, आणि स्टिअरिंगच्या डाव्या हाताला बसवलेलं छोटं बटण दाबलं की फॉगलॅम्पचा पिवळसर उजेड रस्त्यावर पसरायचा. त्या दिवशी घाट सुरू होताच मी बटण दाबलं. कडेची पांढरी रेघ, तिच्या पलीकडचं गवत, कठड्याचा काळा-पिवळा रंग, सगळं नीट उमटलं. मीटरही उजळलेलं होतं. सगळे दिवे चालू आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मोठा धबधबा मागे पडला आणि एका वळणावर पाठीमागून हॉर्न आणि ओल्या डांबरावर घासणारे टायर, असे दोन्ही आवाज एकदमच आले. आरशात एसटीचं लाल तोंड मावत नव्हतं. बस थांबली. मधे किती अंतर राहिलं होतं ते मी मोजलं नाही, मोजावंसं वाटलंही नाही. पुढे रस्ता जरा रुंद होता तिथे बस आम्हाला ओलांडून बाजूला लागली आणि चालक डोक्यावर टॉवेल धरून, पावसातून चालत माझ्या खिडकीशी आले.

“ओ पावणं, मागं लाईट न्हाई तुमच्या. गाडीच दिसत न्हाई तुमची. लायटी लावा की.”

आवाजात राग नव्हता. असता तर मी कदाचित वाद घातला असता. ‘लाईट चालूच आहेत’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलेलंही होतं. हात मात्र आपोआप स्टिअरिंगच्या दांडीकडे गेला आणि बोटांना कळलं की तिथला खटका शून्यावर आहे. मी तो दोनदा फिरवला. त्यांनी मागे वाकून बघितलं, मान हलवली आणि बसकडे गेले.

मागच्या सीटवर आई आणि लेक होत्या. आई तिला लहानपणी बैलगाडीतून नदी ओलांडल्याची गोष्ट सांगत होती आणि एवढं सगळं होऊनही ती गोष्ट तुटली नव्हती. त्या दोघींच्या पाठी आणि बसचं तोंड यांच्यामध्ये डिकीचा पत्रा होता आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं पोतं होतं. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या घरासमोर खळ्यात गाडी लावून मी एकट्याने सगळे दिवे तपासले. किल्ली फिरवली, खाली उतरलो, फेरी मारली. पुढे डीआरएल लख्ख, मागे काळोख. बटण दाबून पुन्हा फेरी मारली. पुढे फॉगलॅम्प, मागे काळोखच. मग हेडलाईट लावले, तर मागचे लाल दिवे लागले, पण डीआरएल तशीच पूर्ण जोरात जळत राहिली. म्हणजे दुकानाने तिन्ही गोष्टी एकमेकींशी न बोलता जोडल्या होत्या. दिवे चांगले होते. वरच्या व्हेरिअंटला कंपनी देते तेच. जोडणी चुकली होती. ती चूक मला आठ दिवसांत एकदाही दिसली नव्हती, कारण ती माझ्या पाठीमागे होती.

तेव्हापासून मी या विषयात शिरलो.

गाडीच्या दिव्यांच्या दोन जाती आहेत. काही दिवे आपल्याला दिसावं म्हणून असतात आणि काही आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. हेडलाईट आणि फॉगलॅम्प पहिल्या जातीचे, टेललाईट, पार्किंगचे छोटे दिवे, ब्रेकलाईट, इंडिकेटर आणि डीआरएल दुसऱ्या. पहिल्या जातीवर आपण जीव लावतो. साध्या हॅलोजन हेडलाईटचा बल्ब ५५ वॅटचा आणि टेललाईटची तार जेमतेम ५ वॅटची, पण धुक्यात मागून येणाऱ्या माणसाला आपली गाडी म्हणजे ते दोन लाल ठिपकेच. ते चालकाच्या नजरेला कधी पडत नाहीत, त्यामुळे ते विझलेत हेही त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

डीआरएलचा जन्म या दुसऱ्या जातीतला. उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्य क्षितिजाशी रेंगाळतो, दिवसाही उजेड मिणमिणता असतो. स्वीडनने १९७७ साली सगळ्या गाड्यांना दिवसाही दिवे लावायची सक्ती केली. कॅनडाने १९८९च्या डिसेंबरपासून नव्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक केली, युरोपीय संघाने २०११च्या फेब्रुवारीपासून नव्या मॉडेलच्या मोटारींना. आपल्याकडे १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट बंदच करता येत नाही, त्यामागेही हाच विचार आहे. समोरच्याला तुम्ही लवकर दिसलात की ओव्हरटेक करायचा त्याचा निर्णय बदलतो.

पण कॅनडात पुढे जे झालं ते वाचताना मला आंबोलीचं वळण आठवलं. पुढे डीआरएल लागलेली, मीटर उजळलेलं, आणि दोन्हींमुळे चालकाची समजूत अशी की दिवे चालू आहेत. मागून गाडी अंधारात. अशा गाड्या रस्त्यांवर इतक्या झाल्या की तिथे त्यांना ‘भुताच्या गाड्या’ अशा अर्थाचं नावच पडलं. शेवटी सप्टेंबर २०२१पासून तिथे नव्या गाड्यांना तीनपैकी एक गोष्ट सक्तीची झाली. डीआरएलबरोबर टेललाईटही लागले पाहिजेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा दिवे लावेपर्यंत मीटर काळं राहिलं पाहिजे. तिसरा उपाय मला फार आवडला. चालकाला थोडा अंधार परत द्यायचा, म्हणजे त्याचा हात आपोआप खटक्याकडे जाईल. जुन्या गाड्यांत हे आपसूकच होतं. पार्किंग लावल्याशिवाय मीटर दिसायचं नाही, म्हणून कुणी दिवे विसरायचं नाही.

फॉगलॅम्पबद्दलही नियम स्पष्ट आहे. मोटारींच्या दिव्यांच्या जोडणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम आहे. त्यात हेडलाईट आणि पुढचे फॉगलॅम्प पार्किंग आणि टेललाईट लागल्याशिवाय लागताच कामा नयेत असं म्हटलंय. कंपनीतून फॉगलॅम्प घेऊन येणाऱ्या गाडीत तुम्ही नुसतं फॉगचं बटण दाबून बघा. आधी खटका पार्किंगवर आणल्याखेरीज काही होणार नाही. मला पूर्वी ती गैरसोय वाटायची. आता कळतं की कुणीतरी माझ्या मागून येणाऱ्या बसचा विचार करून ती साखळी घातली होती, आणि दुकानाने वेळ वाचवायला ती तोडली.

धुक्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घाटात मी जे बघतो त्याने जीव खालीवर होतो. ढगातले थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठे. प्रत्येक थेंब हा एक बारका आरसा धरा. हेडलाईट अप्परला टाकला की उजेड सरळ समोर जातो, लाखो थेंबांवर आपटतो आणि आपल्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉगलॅम्प म्हणून खाली, बंपरमध्ये असतो. त्याचा झोत बुटका आणि रुंद, वरची कड सुरीने कापल्यासारखी. तो लांबचं काही दाखवत नाही, दाखवायचंही नसतं. पायाखालचा रस्ता, कडेची रेघ आणि गटार दाखवतो. धुक्यात तेवढं पुरतं, कारण तेवढ्याच वेगाने जायचं असतं.

पिवळ्या रंगाबद्दल लोक हमखास विचारतात. पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत आभाळ निळं का दिसतं त्या कारणावरून आली आहे, पण हवेचे रेणू लहरीपेक्षा पुष्कळ लहान असतात आणि ढगाचे थेंब पुष्कळ मोठे. एवढ्या मोठ्या थेंबाला निळा काय नि पिवळा काय, सारखाच. फ्रान्सने १९३०च्या दशकापासून १९९३पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळे हेडलाईट सक्तीचे ठेवले होते, तो उजेड डोळ्याला कमी टोचतो म्हणून. मीही पिवळेच बल्ब ठेवलेत, याच एका कारणाने. ओल्या काचेतून दोन तास बघताना मला त्याने बरं वाटतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. धुकं लागलं की चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची सवय आपल्या घाटांत फार पसरली आहे. असं करू नका. मागच्याला वाटतं तुम्ही बंद पडून उभे आहात, आणि पुढे वळताना तुम्ही कुठल्या बाजूला जाणार हे सांगायचं साधनच तुमच्याकडे उरत नाही. टेललाईट लावा, वेग उतरवा. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवा.

गावाहून परतल्यावर मी त्या दुकानात पुन्हा गेलो नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर ट्रकांचं वायरिंग केलेले एक काका आमच्या गल्लीत राहतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मी येतो, पण हात तुझे चालतील. माझी नजर आता बारीक तारेला पुरत नाही.” दोन रविवार लागले. बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि बंपर सोडवला.

आत जे होतं त्याचा फोटो मी ठेवला आहे. फॉगलॅम्पची वायर बॅटरीवरून निघून इंजिनच्या कडेने, भोकाला रबरी ग्रोमेट न घालता, पत्र्याच्या धारेवरून आत डॅशबोर्डपर्यंत गेली होती. तिथून बटणातून वळून परत बंपरपर्यंत. मधे रिले, म्हणजे जास्तीचा भार वाहणारा विजेचा खटका, नव्हता. दोन्ही दिव्यांचा सगळा भार त्या नखाएवढ्या बटणातून जात होता. सांधे नुसते पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेले. टेपचा डिंक इंजिनच्या तापाने सुटला होता आणि एका सांध्यात तांबं हिरवं पडायला लागलं होतं. डीआरएलची वायर चिमटा मारणाऱ्या निळ्या क्लिपने गाडीच्या मूळ वायरीत घुसवली होती. ही क्लिप आतल्या पात्याने वायरीचं आवरण कापते, तिथून पाणी तारेत शिरतं आणि कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत तार आतून कुजते. काका ती क्लिप बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले.

पण त्यांना खरा राग आला तो फ्यूजचा. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची आणि फ्यूज हिरवा, ३० अँपिअरचा. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायरीच्या ताकदीपेक्षा तो मोठा घातला की शॉर्ट झाल्यावर आधी वायर तापते, आवरण वितळतं, शेजारच्या वायरीही पेट घेतात आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो. रस्त्याच्या कडेला जळून गेलेल्या गाड्या बघताना यापुढे मला त्या हिरव्या तुकड्याची आठवण येईल.

जुन्या वायरी सोडवण्याआधी काकांनी एक मोजमाप घ्यायला लावलं. निगेटिव्ह परत जोडला, इंजिन चालू केलं, फॉगलॅम्प लावले. बॅटरीवर मल्टिमीटरने १४.१ व्होल्ट दाखवले. दिव्याच्या कपलरवर, म्हणजे वायर दिव्याला जुळते तिथे, १२.७. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच संपत होते. हिशेब बसतो. दोन दिवे मिळून नऊएक अँपिअर घेतात, बारीक वायरीची पाच मीटर लांबी, त्यातच एक व्होल्ट गेला. उरलेला त्या पीळ मारलेल्या सांध्यांत आणि बटणात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनेक घाताने कमी होतो. १० टक्के व्होल्टेज गेलं की उजेड ३० टक्के जातो. मी ५५ वॅटचे दिवे विकत घेतले होते आणि त्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड वायरींपायी घालवत होतो.

काकांनी मग पोर्चच्या फरशीवर खडूने नकाशा काढला. आधी गाडी, मग बॅटरी, मग चौकोन. तो चौकोन म्हणजे रिले.

रिले ही वस्तू मला आता इतकी प्रिय झाली आहे की तिच्याबद्दल थोडं थांबून लिहितो. काडेपेटीहून लहान काळी डबी. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि एक लोखंडी पट्टी. गुंडाळीत थोडी वीज सोडली, एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, की ती चुंबक बनते, पट्टी ओढते आणि दुसरीकडचा मोठा मार्ग जोडला जातो. म्हणजे बटणाने नुसता हुकूम द्यायचा, भार रिलेने वाहायचा. तिच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आले आहेत. त्यात ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी वीज, ३१ म्हणजे अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह बाजू), ५८ म्हणजे पार्किंगचे दिवे. काकांना जर्मन येत नाही, इंग्रजीही बेताचंच, पण हे आकडे ते पाढ्यांसारखे म्हणतात.

फॉगसाठी चार पायांचा रिले घेतला. ३० वर बॅटरीहून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर निळा १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दोन्ही दिव्यांना. ८५ अर्थला. आणि ८६ वर फॉगच्या बटणातून येणारी वायर, पण त्या बटणाला वीज बॅटरीतून न देता पार्किंगच्या मार्गावरून दिली, टेललाईट लागतात त्याच. या एका बदलासाठी मी दोन रविवार घालवले असं म्हटलं तरी चालेल. आता टेललाईट लागल्याशिवाय फॉगच्या रिलेला हुकूमच पोचत नाही.

डीआरएलला पाच पायांचा रिले लागतो. त्याच्या मधोमध ८७ए नावाचा आणखी एक पाय असतो. गुंडाळी निजलेली असताना ३० ची वीज ८७ए ला जाते, गुंडाळी जागी झाली की पट्टी तिथून सुटून ८७ वर जाते. म्हणून किल्लीबरोबर येणारी वीज छोट्या फ्यूजमधून ३० वर घेतली, डीआरएल ८७ए वर जोडली आणि ८६ ला पार्किंगची वायर दिली. किल्ली फिरवली की डीआरएल लागते. पार्किंग किंवा हेडलाईट लावला की गुंडाळी जागी होते आणि डीआरएल विझते. ती विझायलाच हवी. युरोपच्या नियमात डीआरएलची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला ठेवली आहे, कारण तिला उन्हाशी स्पर्धा करायची असते. तीच पट्टी रात्री पूर्ण जोरात जळली तर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जाते. आठ दिवस मी रोज संध्याकाळी कुणाकुणाच्या डोळ्यांत ती मारत होतो, हे मला राहून राहून लागतं.

हल्लीच्या गाड्यांत दिव्यांवर नजर ठेवायला एक छोटा संगणक असतो. तो कधी वीज तुकड्यातुकड्याने सोडतो, कधी बल्ब गेलाय का ते बघायला मधेच ठोका देतो. अशा वायरीला एलईडी जोडली तर ती फडफडते, आणि वायर नीट न ओळखता कापली तर मोठा खर्च निघतो. म्हणून प्रत्येक वायर आधी मल्टिमीटरने ओळखली, टेस्ट लॅम्प लावला नाही, कारण त्याचा बल्ब स्वतःच वीज खातो. गुंडाळीला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेलेच रिले घेतले, कारण गुंडाळी बंद होताना विजेचा एक उलटा झटका मारते आणि तो संगणकाला सोसत नाही.

सांधे सगळे थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. पत्र्यातून जाताना ग्रोमेट. कपलरचं तोंड खाली, आणि कपलरमध्ये शिरण्याआधी वायरीला थोडा झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, आत जात नाही. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातू काढला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. काका म्हणाले की त्यांच्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्याच असायच्या, आणि लोक मात्र बल्ब बदलत बसायचे.

फॉगलॅम्पमध्ये एलईडी का घातले नाहीत, असं भावाने विचारलं. त्या दिव्याचा आरसा एच-११ जातीच्या हॅलोजन बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला आहे. उजेडाचा उगम दोन मिलिमीटर जरी सरकला तरी ती कापलेली कड फिसकटते आणि उजेड वर उडतो. धुक्यात वर उडालेला उजेड म्हणजे पुन्हा तीच पांढरी भिंत. कायद्याचंही भान ठेवायला हवं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत असं बजावलं आहे. मी दिव्याची ताकद वाढवली नाही, रंगीबेरंगी काही लावलं नाही. कंपनीच्या वरच्या व्हेरिअंटला जी जोडणी असते तिच्यापर्यंत माझी गाडी नेऊन थांबलो.

दुसऱ्या रविवारी अंधार पडल्यावर चाचणी घेतली. बायको सीटवर, लेक गाडीच्या मागे, मी पुढे, काका खुर्चीत. किल्ली फिरली, डीआरएल लागली. फॉगचं बटण दाबलं, काहीही झालं नाही, आणि ते काहीही न होणं बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मग बटण बंद करून खटका एकदा फिरवला. बॉनेटखालून ‘टिक्’ असा आवाज आला, डीआरएल विझली, आणि मागून लेकीची हाक आली, “मागचा डावा लागला! मागचा उजवा लागला!” मग पुन्हा बटण दाबलं, दुसरी टिक् आली आणि पिवळा उजेड पसरला. दिव्यावर मल्टिमीटर धरला तर १३.८.

त्याच रात्री शेजारच्या शाळेच्या भिंतीसमोर आठ मीटरवर गाडी उभी केली आणि झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवला. दिवा जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे झोत ३२ मीटरवर रस्त्याला टेकतो आणि कुणाच्या डोळ्यांपर्यंत जात नाही.

दिवसा, धुकं नसताना, डीआरएल लागलेली असते आणि मागे अंधारच असतो, हे अजून तसंच आहे. टेललाईटही डीआरएलबरोबर लावता आले असते, पण तो मार्ग गाडीच्या संगणकाच्या अखत्यारीतला, तिथे मी हात घातला नाही. त्याऐवजी हाताला एक सवय लावली. वायपर फिरला की हेडलाईट. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत तसा कायदाच आहे. आमच्या घरात आता लेक तो राबवते. वायपरचा पहिला फेरा पुरा व्हायच्या आत मागून आवाज येतो, “बाबा, लाईट.”

चतुर्थीला पुन्हा गावी निघालो. आंबोलीत तसाच ढग उतरलेला. या वेळी खटका आधी फिरला, मग बटण. मी वीसच्या वर वेग नेला नाही. धबधब्याच्या वळणापाशी आरशात दोन मंद दिवे आले आणि तिथून ते सुटलेच नाहीत. मी वळलो की वळायचे, मी ब्रेक दाबला की थांबायचे. दाणोलीला ढग संपला, तेव्हा मी चहासाठी गाडी बाजूला घेतली. ते दिवेही मागे येऊन थांबले. झेंडूच्या करंड्या भरलेलं पिकअप होतं. चालक उतरला, विशीतला असेल.

“बरा झाला तुम्ही फुडे होतात,” तो म्हणाला. “तुमच्या लायटीच्या पाठसून इलंय. नायतर वरच रवाचा लागला असता.”

आम्ही एकत्र चहा प्यायलो. तो निघाला तेव्हा मी सवयीने त्याच्या पिकअपच्या मागे गेलो. उजवा दिवा जळत होता, डावा काळा होता. मी त्याला थांबवलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात मी हल्ली दोन जास्तीचे बल्ब ठेवतो, २१/५ वॅटचे, ब्रेकची आणि टेलची अशा दोन तारा असलेले. त्याच्या दिव्यालाही तोच बल्ब होता. दोन स्क्रू काढले, लाल काच सुटली, आतलं पाणी ओतलं. जुना बल्ब आतून काळा पडला होता. या बल्बचे दोन खुंटे एकाच उंचीवर नसतात, एक वर एक खाली, म्हणजे तो उलटा बसू नये. मी त्याच्या हातात नवा बल्ब दिला, खुंटे कुठे येतात ते दाखवलं आणि त्यानेच दाबून, वळवून तो बसवला.

“लाव बघू,” मी म्हटलं. तो केबिनमध्ये चढला. लेक छत्री टाकून गाडीमागे जाऊन उभी राहिली होती. ओल्या रस्त्यावर लाल उजेड पडला आणि ती ओरडली, “मागचा डावा लागला!”